गारेगार: नवशिक्यांसाठी, आणि फ्रीजर ज्यांच्या ताब्यात नाही अशा सर्वांसाठी

हे मार्गदर्शन अगदी नवख्या मंडळींसाठी आहे. फळ चिरता येणं, पातेल्यातला रस न सांडता पेल्यात ओतता येणं आणि आठ तास गप्प बसता येणं, एवढ्या तीन गोष्टी जमत असतील तर पुढे वाचा. पहिल्या दोन जमत नसतील तरी चालेल, फरशी पुसता येते. तिसरीला मात्र पर्याय नाही.

माझी पात्रता: सहा उन्हाळे, मुक्काम जळगाव. मे महिन्यात इथे पारा ४५ला टेकतो, दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि नेमकी त्याच महिन्यात नणंदेची दोन मुलं पुण्याहून सुट्टीला येतात. ‘‘मामी, इथे काही करायलाच नाहीये’’ हे वाक्य पहिल्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास येतं. त्याच दिवशी दुपारी कलिंगड चिरायला घ्यावं. फार लवकर घेतलं तर उत्साह टिकत नाही, उशिरा घेतलं तर मुलं कॅरम काढतात आणि पावडरीचे हात साऱ्या घराला लागतात.

आधी थोडं शास्त्र

गारेगार म्हणजे काय ते चाळिशीपुढच्यांना सांगायला नको. सायकलच्या कॅरियरवर लाकडी पेटी, हँडलला घंटी आणि भर उन्हात गल्लीच्या तोंडाशी ‘गारेगाऽऽर’ अशी हाळी. लाल, केशरी आणि हिरवा असे तीन रंग. चव तिन्हींची एकच, गोड. दोनदा जोरात चोखलं की रंग आणि गोडी दोन्ही तोंडात यायची आणि हातात काडीला धरून नुसता पांढरा बर्फ उरायचा. गारेगारवाला फसवतो, असं आमचं तेव्हा ठाम मत होतं. मी एकदा त्याला तो पांढरा तुकडा परत द्यायला गेले होते.

तो फसवत नव्हता. पाणी गोठताना आपल्यापुरता निव्वळ बर्फ बांधतं आणि साखरेला, रंगाला बाहेर ढकलतं. मग तो गोड पाक बर्फाच्या स्फटिकांमधल्या बारीक फटींत दडून बसतो. चोखलं की तो निघून येतो आणि मागे उरतो तो बर्फाचा सांगाडा. पाणी जास्त, साखर कमी, तेवढा सांगाडा मोठा. साखर वाढवली की सगळं पाणी काही बर्फ होत नाही, थोडा पाक तसाच राहतो आणि दाताला मऊ लागतं. फार वाढवली तर गोठतच नाही. आपली सगळी कला या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि तिला कला म्हणणंही जरा जास्तच होईल.

धीर येण्यासाठी थोडा इतिहास. १९०५ साली कॅलिफोर्नियात फ्रँक एपरसन नावाच्या अकरा वर्षांच्या मुलानं सोड्याची पूड पाण्यात ढवळली आणि तो पेला काडीसकट रात्रभर बाहेर विसरला. रात्र कडाक्याच्या थंडीची होती. सकाळी पॉप्सिकल तयार. १९२४ साली त्याला त्याचं पेटंटही मिळालं. जळगावात मे महिन्यात हाच प्रयोग केला, तर सकाळी कोमट सरबत मिळतं आणि त्यात मुंग्या.

आपल्याकडे बर्फ एके काळी बोटीतूनही यायचा. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला, भुशात बांधलेला बर्फ १८३३ साली बोस्टनहून कलकत्त्याला उतरला आणि पुढे मुंबईलाही येऊ लागला. त्याच सुमारास जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि पाहुण्यांना सर्दी झाली, अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट आमच्या सासूबाईंना कुणीही सांगू नये. थंड खाल्लं की घसा धरतो, हे त्यांचं मत पुराव्याशिवायच पुरेसं पक्कं आहे.

जागेचा ताबा

पाककृतींच्या पुस्तकात ‘मिश्रण फ्रीजरमध्ये ठेवा’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्या बाईंच्या घरी बहुधा दुसरं कुणी राहत नसावं.

आमच्या एकदारी फ्रीजच्या फ्रीजरमध्ये मे महिन्याच्या पहिल्या तारखेला पुढील ऐवज असतो: सोललेले मटार, खवलेला नारळ, तुपासाठी साठवलेली साय, हिवाळ्यात भाजून ठेवलेला भरताच्या वांग्यांचा गर, आणि मागच्या भिंतीला बर्फात रुतलेली एक पिशवी. ती पिशवी कसली आहे हे आता घरात कुणालाच माहीत नाही. यातले मटार हलवता येतात, नारळाची त्या दिवशी चटणी करता येते. सायीचं पातेलं मात्र गायरानासारखं आहे. रिकामं दिसलं तरी त्यावर अतिक्रमण करायचं नाही. ‘‘आई, तूप कढवायचं का आज?’’ असं आपण होऊन विचारावं आणि कढवायलाही आपणच बसावं. तासभर जातो, घर भट्टीसारखं तापतं, पण वीतभर जागा कायदेशीर मार्गानं मिळते.

वांग्याच्या गराला हलक्यात घेऊ नका. पहिल्या उन्हाळ्यात मी कलिंगडाचे पेले त्याच्या शेजारी उघडे ठेवले होते. दुसऱ्या दिवशी भाच्यानं एक चाटलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘‘मामी, याला भरताचा वास येतोय.’’ खरंच येत होता. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट, खमंग वास, वर गुलाबी कलिंगड. भाकरी असती तर खपलंही असतं. तेव्हापासून प्रत्येक साच्यावर झाकण किंवा अॅल्युमिनियमची फॉइल, आणि वांगी दोन पिशव्यांत.

फ्रीजची कळ उन्हाळ्यात सर्वांत थंडीवर ठेवा. चांगला फ्रीजर उणे १८ अंशांपर्यंत जातो. आमचा किती जातो ते मी मोजलेलं नाही, दर पंधरा मिनिटांनी दार उघडणाऱ्यांना तो विचारण्याचा हक्कही नसतो. त्याच कळीच्या मध्यभागी एक छोटं बटण असतं. ते बर्फ वितळवण्याचं. हे बटण काय आहे ते घरातल्या प्रत्येक पुरुषाला आधी समजावून सांगा. आमच्या धाकट्या दिरांना कुणी सांगितलं नव्हतं. ‘‘वहिनी, फ्रीजरमध्ये फार बर्फ साठलाय हो, मी बंदोबस्त करून ठेवलाय,’’ असं ते रात्री जेवताना म्हणाले. भाऊजींचा हेतू चांगला होता. सकाळी फ्रीजखाली चौदा कोकम-कलिंगडांचं तळं होतं आणि ती जुनी पिशवी तेवढी सुटली होती. तिच्यात कढीपत्ता निघाला.

साहित्य

साचे विकत आणू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको. चहाचे छोटे स्टीलचे पेले उत्तम, कारण स्टीलमधून थंडी पटकन आत शिरते. घरात जुने कुल्फीचे अॅल्युमिनियमचे साचे असतील तर सोन्याहून पिवळं. इडलीपात्रात मी करून पाहिलं आहे. होतं, पण वरून कुणी चटणी विचारतं.

पेले काठोकाठ भरायचे नाहीत. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. बोटभर जागा सोडली नाही तर ते झाकण उचलून बाहेर येतं आणि शेजारच्या मटारांना चिकटतं.

काड्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, शाळेच्या प्रकल्पासाठी विकतात त्याच. साध्या घ्या. रंगीत घेतल्या तर रंग सुटतो आणि आंब्यात हिरवी रेघ उमटते. काडीऐवजी चहाचा चमचा लावायचा मोह होईल. टाळा. एक तर अति थंड धातूला ओठ चिकटतो, आणि दुसरं म्हणजे चमचे मोजले जातात. आमच्याकडे बारा होते, आता नऊ आहेत, आणि तो विषय दिवाळीच्या फराळाच्या वेळी हटकून निघतो.

काडी लगेच खोचली तर ती आडवी पडते आणि तशीच गोठते. तास-दीड तासानं, वरचा थर चिखलासारखा घट्ट झाला की खोचावी. किंवा फॉइलला चिरा पाडून तिच्यातून उभी करावी. एवढ्या एका कारणासाठी फ्रीजरचं दार उघडण्याची परवानगी आहे. एकदाच.

फळांकडे वळू

नवशिक्यानं सुरुवात द्राक्षांनी करावी, कारण त्यात चुकायला जागाच नाही. द्राक्षं धुवा, फडक्यावर कोरडी करा, ताटलीत पसरून फ्रीजरमध्ये ठेवा. संपली कृती. लहान मूल असेल तर उभी चिरून द्या, गोठलेली अख्खी द्राक्षं घशात अडकतात. पण नाशिकची द्राक्षं मे उजाडेपर्यंत संपत येतात आणि उरलेली महाग होतात, म्हणून कलिंगड.

कलिंगड म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, म्हणूनच त्याचं नुसतं गारेगार विटेसारखं टणक आणि बेचव होतं. तीन वाट्या गाळलेल्या रसाला अर्धी वाटी साखर, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ घाला. साखर पूर्ण विरघळू द्या. मग चमचाभर चाखा. ‘जरा जास्तच गोड झालं की’ असं वाटलं पाहिजे. थंड जिभेला गोड कमी कळतं, त्यामुळे पातेल्यात बरोबर लागलेलं काडीवर फिकं लागतं. हे सासूबाईंना पटत नाही. त्या चाखतात, डोळे मिटतात आणि अर्धी वाटी पाणी ओततात. म्हणून चाखायला बोलावू नका. बोलावलं नाही तर राग येतो, तेव्हा बोलवा, पण पेले भरून झाल्यावर.

आंब्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हापूस गोठवू नये. पेटीला एवढे पैसे मोजून त्याचा वास थंडीत कोंडायचा, हा अपमान आहे, आंब्याचाही आणि पैशांचाही. पायरी घ्या, नाहीतर मिळेल तो रायवळ. रस काढा, दोरे गाळा. दोन वाट्या रसाला अर्धी वाटी आटवलेलं दूध, साखर आंबा सांगेल तेवढी. आमरस मुळातच दाट आणि गोड, त्यामुळे तो कलिंगडासारखा दगड होत नाही. नवशिक्याचा पहिला यशस्वी पदार्थ बहुधा हाच असतो. त्यानंतर तो आपल्याला येतं असं समजून कोकमाकडे वळतो.

कोकमाची चूक माझी नाही, नणंदेची आहे. तिनं पुण्याहून येताना एका ओळखीच्यांकडची कोकमाची बाटली आणली होती. सुंदर गडद लाल रंग. आम्ही पाणी घातलं, साखर घातली, पेले भरले आणि आठ तास थांबलो. गोठलं नाही. बारा तासांनीही रस नुसताच हुडहुडत होता. मग कुणीतरी बाटली नीट चाखून पाहिली. ते आगळ होतं. कोकणात आगळ मीठ घालून करतात, ते सोलकढीसाठी. सरबतासाठी वेगळं, साखरेतलं अमृत कोकम असतं. मिठाचं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, खारं जितकं जास्त तितकं ते आणखी खाली ओढलं जातं, आणि वर आम्ही साखरही घातलेली. मुलांनी ते पेल्यानं प्यायलं आणि समुद्राच्या पाण्याला रंग दिल्यासारखं लागतंय म्हणाली. दोघांनीही तोवर समुद्र एकदाच पाहिला होता, तरी वर्णन चुकलेलं नव्हतं.

केळं

इथे मी सावकाश लिहिणार आहे. जळगावात राहून केळ्यावर दोन ओळींत उरकलं तर शेजारी बोलणं टाकतील.

रावेर, सावदा, फैजपूर हा सगळा पट्टा केळीचा. ट्रकच्या ट्रक भरून इथून माल बाहेर जातो, आणि घरात एक अख्खी फणी नेहमी पडलेली असते, कुणीतरी आणून दिलेली. मे महिन्याच्या उकाड्यात ती दोन दिवसांत काळे ठिपके धरते. तिसऱ्या दिवशी कुणी हात लावत नाही. हीच केळी आपल्याला हवीत. पिवळीधमक, देखणी केळी गोठवली तर तुरट लागतात. सालीवर चट्टे पडलेली, देठाशी मऊ झालेली, वासानं माशी बोलावणारी केळी घ्या.

सोलून मगच गोठवा. सालीसकट ठेवलेलं केळं दुसऱ्या दिवशी कोळशासारखं काळं निघतं आणि साल गराला अशी घट्ट धरते की सुरीनं तासावी लागते. तासताना अंगठा कापतो. माझा कापला. सोला, बोटभर जाडीच्या चकत्या करा, थोडं लिंबू चोळा, स्टीलच्या ताटलीत एकेक सुटी मांडा. ढीग केला तर त्याची एकच वीट होते आणि मिक्सरचं पातं तिच्यावर आपटून थांबतं.

रात्रभर गोठू द्या. सकाळी ताटली बाहेर काढून पाच मिनिटं थांबा, आणि चकत्या मिक्सरच्या भांड्यात घाला. आता खरी परीक्षा. बटण थोडं थोडं फिरवत राहा. आधी खडखडाट होतो आणि भांड्यात जाड रवा दिसू लागतो. इथे नव्वद टक्के नवशिके घाबरून दूध ओततात. ओतू नका. दूध घातलं की ते मिल्कशेक होतं आणि मग मिल्कशेकच करायचं होतं असं सांगत फिरावं लागतं. मिक्सर बंद करा, चमच्यानं कडा खरवडा, पुन्हा फिरवा. रव्याचे गोळे होतात. पुन्हा बंद, पुन्हा खरवडा. मोटरचा गरम वास यायला लागला की तिला दोन मिनिटं विश्रांती द्या, आपणही घ्या. चौथ्या-पाचव्या खेपेला काहीतरी अचानक होतं. आवाज बदलतो. खडखड थांबून गुळगुळीत घरघर सुरू होते, आणि तो रवा बघता बघता पांढरट, लुसलुशीत, चमच्याला वळण धरणारा होतो. साखर नाही, साय नाही, एक थेंब दूध नाही, आणि आइस्क्रीम. केळ्याच्या गरातच पेक्टिन असतं, बाकी तेच सांभाळून घेतं. वर गुळाचा चुरा किंवा भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरडसर कूट घाला.

पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी भांडं हातात घेऊन घरभर दाखवत फिरले. सासरे म्हणाले, ‘‘केळं तेच ना?’’ त्यांच्या वयाची माणसं बागेत राबलेली आहेत. उन्हाच्या झळांनी पानं करपू नयेत म्हणून बांधावर शेवरी लावणं, घडांना सावली करणं, आणि एवढं करून भाव पडला की माल ढोरांपुढे टाकणं हे सगळं त्यांनी पाहिलंय. त्यांना केळ्याचं कौतुक माझ्याकडून शिकायची गरज नव्हती. पण दुसरी वाटी मागितली.

लाइट गेले तर

जातील. पेले अर्धे गोठलेले असताना जातील. घाबरू नका, दार बंदच ठेवा. बंद फ्रीजर काही तास तग धरतो. दार उघडून ‘गोठलंय का बघू’ म्हणणाऱ्याला अंगणात पाठवा.

फारच वेळ लागणार असेल तर जुना उपाय आहे. बर्फाच्या कारखान्यातून लादीचा तुकडा आणा, गोणपाटात गुंडाळून फोडा, बादलीत तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ असे थर द्या आणि मध्ये घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बसवून फिरवत राहा. मीठ बर्फाला वितळवतं, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता बर्फ डब्यातून ओढून घेतो. ते खारं पाणी उणे २० अंशांच्या जवळ जाऊ शकतं. पॉटचं आइस्क्रीम वर्षानुवर्षं असंच होत आलं आहे. फक्त तो बर्फ पोटात जाऊ देऊ नका. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला तो यासाठीच. डबा फिरवायचं काम मुलांना द्या. एकाला शंभर फेऱ्या, मग दुसऱ्याला शंभर. मोजताना भांडतात आणि दुपार निघून जाते.

काढताना

पेला ओढू नका, हिसडू नका, ओट्यावर आपटू तर अजिबात नका. साध्या पाण्याच्या पातेल्यात दहापर्यंत आकडे मोजेतो बुडवा आणि काडीला धरून हलका पीळ द्या. आमच्याकडे वरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापलेलं असतं की पाचच आकडे पुरतात.

शेवटची सूचना संख्येबद्दल. घरात माणसं किती आहेत ते मोजा आणि त्यापेक्षा एक पेला जास्त भरा. ‘मला नको, माझा घसा धरतो’ म्हणणाऱ्यांनाही मोजा. आम्ही आंब्याचे आठ ठेवले की सकाळी सातच निघतात आणि आठवा पेला स्वच्छ धुऊन पालथा घातलेला असतो. एकदा रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले, तर स्वयंपाकघरात काळोखात खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं आणि शेजारच्या वाटीत कवळी ठेवलेली होती. दात काढून ठेवले की थंडी झोंबत नाही, ही युक्ती मला कुठल्याच पुस्तकात सापडली नव्हती. अशा वेळी पाणी न पिताच परत फिरावं आणि दिवा लावू नये.